उखाण्यावरचं गाणं

व्हिडिओ एडिटिंग म्हणजे शेवटी काय, तर नको ते काढायचं आणि हवं ते ठेवायचं, असं खंडेराव विधाते यांचं स्पष्ट मत होतं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं त्यांनी फायलींचं हेच केलं होतं. कधी कधी हवं ते निघून जायचं आणि नको ते राहायचं, पण तत्त्व एकच. तेव्हा कालची पोरं ज्याला ‘क्रिएटिव्ह’ वगैरे म्हणतात ते काम एका निवृत्त हेडक्लार्कला जमणार नाही, असं समजायचं काही कारण नव्हतं.

काम तसं चिमूटभर होतं. लग्नाच्या व्हिडिओत मैनाबाई सासरच्या उंबऱ्यावर उभ्या राहून उखाणा घेतात, नेमक्या त्या जागी व्हिडिओवाल्यानं सिनेमातलं एक गाणं चढवलेलं होतं. ते गाणं काढायचं आणि खालचा उखाणा मोकळा करायचा. बस्स. नऊ मे रोजी लग्नाला तीस वर्षं पूर्ण होत होती आणि त्या दिवशी तो दीड मिनिटाचा तुकडा मैनाबाईंना कॅनडाला पाठवायचा, असा खंडेरावांचा बेत होता.

आता तीस वर्षांनी उखाण्याचं एवढं काय, असं कुणी विचारील. विचारणाऱ्यानं खंडेरावांच्या घरात तीस वर्षं राहून बघावं. झालं होतं असं, की वणीहून लग्न लावून वऱ्हाड मखमलाबादला मळ्यातल्या घरी परत आलं, तेव्हा खंडेरावांची मोठी बहीण सिंधुबाई रिवाजाप्रमाणे दार अडवून उभी राहिली. नाव घेतल्याशिवाय आत सोडायची नाही म्हणाली. मैनानं नाव घेतलं, माप ओलांडलं, ती घरात आली. महिन्याभरानं खंडेरावांनी सहज विचारलं, “त्या दिवशी दारात काय नाव घेतलं होतंस गं?”

“एकदाच घेतलं,” मैना म्हणाली. “तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं.”

“होतं की!”

“मग सांगा काय होतं.”

“बँड वाजत होता, ऐकू कसं येणार?”

“बँड मळ्याच्या फाट्यावरच थांबला होता.”

झालं. पुढे मंगळागौरी झाल्या, हळदीकुंकवं झाली, डोहाळजेवण झालं, स्नेहलचं लग्नसुद्धा झालं. मैनाबाईंनी शंभर उखाणे घेतले असतील, पण तो कधी घेतला नाही. “ते दारातलं नाव होतं,” एवढंच म्हणायच्या. व्हिडिओची कॅसेट आली तेव्हा खंडेराव मोठ्या आशेनं तिच्यासमोर बसले. पाहतात तर मैनाचे ओठ हलताहेत आणि आवाज एका नामांकित पार्श्वगायिकेचा! त्या दिवसापासून सगळा दोष त्यांनी गाण्यावर टाकला. आपलं लक्ष होतं, ऐकू येण्याची सोय नव्हती, हीच त्यांची भूमिका राहिली. सिंधुबाईला विचारलं तर ती म्हणाली, “मला काय आठवतंय खंडू, मला नेसवलेल्या साडीचा रंग पाहून मी त्या दिवशी धुसफुसत होते.”

मैनाबाई जानेवारीत स्नेहलच्या बाळंतपणासाठी टोरांटोला गेल्या. नातू झाला, रुद्र नाव ठेवलं, आणि एप्रिलमध्ये यायच्या त्या जुलैपर्यंत थांबल्या. बाथरूमचा दिवा दिवसभर चालू राहिला तरी घरात कुणी ओरडत नाही, हे खंडेरावांना पहिल्या आठवड्यात स्वातंत्र्य वाटलं. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच मोठ्यानं ओरडले, “दिवा कुणी चालू ठेवलाय?” आणि उत्तराची वाट बघत पॅसेजमध्ये उभे राहिले. त्यांना बायकोची फार आठवण येत होती. हे सांगायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते संध्याकाळी सातच्या व्हिडिओ कॉलवर गॅस सिलिंडरबद्दल बोलायचे.

कॉलची सुरुवात ठरलेली असे. “आधी तो फॅन बंद करा, काही ऐकू येत नाही.” हा फॅन म्हणजे लग्नात आहेर आलेला निळ्या पात्यांचा टेबलफॅन. तीनदा वाइंडिंग झालेलं, जाळीला दोन ठिकाणी तार बांधलेली, पण वारा असा देतो की आजच्या सीलिंग फॅननं मान खाली घालावी. खंडेरावांचा त्याच्यावर फार जीव. मैनाबाई मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे सवतीसारखं बघत आल्या होत्या. एवढ्या गुणी वस्तूवर एवढा राग का, हे कोडं खंडेरावांना कधी सुटलं नव्हतं.

असो. मुद्दा व्हिडिओचा. या एका व्हिडिओचा इतिहास पाहिला तर घरगुती एडिटिंगची सगळी प्रगती डोळ्यांसमोर उभी राहते. मूळ शूटिंग वणीच्या वाळू गांगुर्डेचं. त्यानं नाशिकच्या एका मिक्सिंगवाल्याकडे दोन दिवस बसून त्यात बदामाच्या आकाराच्या चौकटी घातल्या, गुलाबाच्या फुलातून नवरीचा चेहरा वर काढला, आणि वणीच्या बाहेर न पडलेल्या नवरीच्या काकांना बर्फाच्या डोंगरासमोर बसवलं. ही पहिली आवृत्ती. दोन हजार चारमध्ये कॅसेटवरून सीडी करायला दिली, तर दुकानातल्या मशीननं कॅसेटची फीतच गिळली. सीडी तेवढी आली, पण तिच्यात खालून एक पट्टी सरकत राहिली: ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत’. मंगलाष्टकं चालू असतानाही ती पट्टी थांबत नाही. मग स्नेहल कॉलेजात असताना घरात कॉम्प्युटर आला. त्यात फुकटात आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एका दृश्यावरून दुसऱ्यावर जायचे साठ प्रकार होते, आणि स्नेहलनं त्यातला एकही उपाशी ठेवला नाही. पडदा फाटतो, पान उलटतं, नवरा-नवरी चौकोनी ठोकळ्यावर बसून गरगर फिरतात. सेव्ह करताना कॉम्प्युटर अकरा वेळा बंद पडला. बाराव्या वेळी जे वाचलं ते घरात राहिलं.

म्हणजे प्रत्येक पिढीनं त्यात काहीतरी घातलं होतं. काढलं कुणीच नव्हतं. खंडेराव काढणार होते.

समोरच्या फ्लॅटमधली योगिनी रेसिपींचे व्हिडिओ करून टाकायची. तिच्या कोथिंबीरवडीला म्हणे चाळीस हजार लोकांनी पाहिलं होतं. तिनं खंडेरावांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. “काका, पूर्वी लोक कॉम्प्युटरवर आठ-आठ तास बसायचे. आता सगळं एआय करतं. हे बटण दाबलं की गाणं वेगळं, आवाज वेगळा.”

खंडेरावांनी बटण दाबलं. फोन गरम झाला. गोल फिरणारं चक्र शंभर टक्क्यांवर पोचलं आणि ॲपनं खरोखरच दोन फायली दिल्या. एकीत नुसता तबला आणि सनई. दुसरीत स्वच्छ, निर्मळ, एकट्या पार्श्वगायिकेचा आवाज. मैनाचे ओठ पहिल्यापेक्षाही जास्त जुळत होते.

“काका,” योगिनी जरा चाचरत म्हणाली, “मला वाटतं त्या काळात खालचा आवाज पुसूनच गाणं टाकायचे. खाली काही उरलंच नसेल.”

“असं कधी होत नसतं,” खंडेराव म्हणाले. “फायलीत कागद नाही म्हणजे कागद नाही असं नसतं. तो दुसऱ्या फायलीला लागलेला असतो. माझी चौतीस वर्षं यात गेली आहेत, योगिनी.”

मग त्यांनी ॲपची पैसे भरायची आवृत्ती घ्यायचं ठरवलं. ओटीपी आला तो मैनाबाईंच्या नंबरवर, म्हणजे टोरांटोला, आणि तिथे तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. वाहतूक दिव्यांचे चौकोन निवडून आपण यंत्रमानव नसल्याचं त्यांना चार वेळा सिद्ध करावं लागलं, आणि चारही वेळा ते ॲपला पटलं नाही. अखेर त्यांनी मदतकक्षाला रीतसर पत्र लिहिलं: ‘विषय: विवाहप्रसंगीच्या उखाण्यावरील गाणे हटवून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की…’ तीन सेकंदांत उत्तर आलं: ‘तुमचा प्रश्न सुटल्याचा आम्हाला आनंद आहे! पाचपैकी किती तारे द्याल?’ सरकारी खात्यातसुद्धा अर्ज इतक्या वेगानं निकाली निघालेला खंडेरावांनी पाहिला नव्हता. ते काही क्षण मनातून हेलावलेच.

सोसायटीचे सेक्रेटरी भिमाजी आहेर खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे सटाण्याकडचे, नाशकात येऊन पस्तीस वर्षं झाली तरी बोलताना मधूनच अहिराणीत घसरायचे. त्यांना कुठलीही अडचण मोठी वाटत नसे, कारण ती बहुधा दुसऱ्याची असे.

“इतलं काय शे त्यामा?” भिमाजी म्हणाले. “ग्रुपवर टाका ना भाऊ. सोसायटीत एवढी कॉम्प्युटरवाली पोरं आहेत, कुणी ना कुणी करून देईल. मात्र नुसता टाकू नका. जरा सजवून टाका, म्हणजे लोक बघतात.”

हा सल्ला खंडेरावांना पटला, आणि इथून पुढे जे झालं त्याची जबाबदारी त्यांनी आजतागायत पूर्णपणे भिमाजींवरच ठेवली आहे. सात मेच्या दुपारी जेवण झाल्यावर ते टेबलफॅनसमोर बसले आणि ॲपमधले तयार नमुने बघू लागले. एक नमुना त्यांना फार आवडला. मंद बासरी, चित्र हळूहळू काळं-पांढरं होतं, वरून पाकळ्या गळतात, कोपऱ्यात समई तेवते. सात्त्विक वाटला. त्यात त्यांनी उंबऱ्यावरच्या मैनाचा चेहरा घातला. ॲपनं वर्ष विचारलं, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. त्यांनी लग्नाचं वर्ष घातलं आणि चालू वर्ष घातलं. चेहऱ्याखाली सोनेरी अक्षरं उमटली: ‘सौ. मैना, १९९६ – २०२६’. मग त्यांनी ग्रुपवर तो टाकला आणि खाली मनापासून चार ओळी लिहिल्या: ‘तीस वर्षांची साथ. घर सुनं झालं आहे. तिचा आवाज एकदा पुन्हा ऐकावा एवढीच इच्छा आहे. कुणी मदत करू शकेल का?’

आणि फोन चार्जिंगला लावून ते झोपले.

चारच्या सुमारास बेल वाजली. दारात योगिनी उभी होती, हातात झाकलेलं ताट, डोळे लाल. “काका, पिठलं-भाकरी आणलीय. दोन घास खाऊन घ्या,” एवढं म्हणून तिनं ताट टेबलावर ठेवलं आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. नव्या पिढीची पोर, पण माणुसकी आहे हं, असं म्हणत खंडेरावांनी भाकरी मोडली. पिठलं झकास झालं होतं. ते दुसरी भाकरी घेत असताना भिमाजी आले. डोक्यावर पांढरी टोपी होती, मागे आणखी सात-आठ जण होते. सगळे गुमान चपला काढून भिंतीशी बसले.

भिमाजींनी त्यांचा हात हातात घेतला. “मन घट्ट करा, भाऊ.”

“केलंय,” खंडेराव घास गिळत म्हणाले. “सुरुवातीला जड गेलं. आता सवय झाली. आणि जुलैमध्ये येतेच आहे ती.”

भिमाजींनी मागे वळून इतरांकडे पाहिलं आणि दोन्ही डोळे मिटून मान हलवली. धक्का बसलाय, असा त्याचा अर्थ होता. एक आजोबा हळूच म्हणाले, “जुलैत नको म्हणावं, श्राद्धाच्या तिथीचं आपण नंतर बघू.”

खंडेरावांच्या डोक्यात प्रकाश पडायला एवढ्यात सुरुवात झालीच होती, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर मैनाबाई होत्या. केस विस्कटलेले, कडेवर रुद्र.

“अहो, मी गेले म्हणे?”

भिंतीशी बसलेल्या एकानं किंकाळी फोडली.

“वणीहून मामांचा फोन आला होता,” मैनाबाई म्हणाल्या. “माझ्याशीच बोलले आणि माझ्याच आवाजानं रडायला लागले. कुणी तरी आपल्या सोसायटीतलं त्यांच्या पाहुण्यांचं पाहुणं आहे. काय चाललंय काय तिकडे? आणि आधी तो फॅन बंद करा!”

ते काय चाललंय हे खंडेरावांना सांगता आलं नाही, कारण मग नऊ तारखेचं गुपित फुटलं असतं. “काही नाही, तांत्रिक बिघाड,” एवढंच ते म्हणाले. मंडळी उठून गेली. जाताना भिमाजींचा चेहरा फसवलं गेलेल्या माणसासारखा होता. खाली जाऊन त्यांनी पंधरा मिनिटांत परत फोन केला. “भाऊ, एक अडचण शे. शोकप्रस्ताव आम्ही तातडीनं मंजूर केला होता. तो इतिवृत्तात चढला. आता नुसता खोडता येत नाही. तुमचा अर्ज लागेल, वहिनी हयात असल्याबाबत. सोबत पुरावा.”

दुसरा कुणी असता तर चिडला असता. खंडेराव हेडक्लार्क होते. कार्यपद्धती बरोबर आहे हे त्यांना मान्य करावं लागलं. त्यांनी अर्ज लिहिला, आणि जोडपत्र म्हणून मैनाबाईंचा रुद्रला न्हाऊ घालतानाचा, तारीख-वेळ दिसणारा फोटो छापून लावला. प्रस्ताव ‘सखेद’ मागे घेण्यात आला. हा शब्द इथे का, हे विचारायची ताकद खंडेरावांमध्ये उरली नव्हती. जिन्यात भेटणारी माणसं आता हसू दाबून बाजूला व्हायची. ज्या माणसाच्या सहीशिवाय गंगापूरच्या डाव्या कालव्याचा एक कागद हलत नसे, तो आत आला की लिफ्टमध्ये लोक छताकडे पाहत होते.

नऊ मे उजाडला तेव्हा त्यांच्याकडे उखाणा नव्हता, गाणं होतं, आणि गाण्यावर आता पाकळ्याही होत्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. तीस वर्षांत बायकोनं आपल्याकडे मागितलं असं फारसं काही त्यांना आठवेना. एकदा फक्त ऐकायचं होतं, तेही राहून गेलं, आणि ज्या बाईनं ते म्हटलं ती साडेबारा हजार किलोमीटरवर दुसऱ्याच एका दारातून रोज आत-बाहेर करत होती.

दहाच्या सुमारास बेल वाजली. दारात साठीचा एक वाकलेला माणूस उभा होता. पांढरा शर्ट, एका खांद्यावर गोणपाटात बांधलेलं जड काहीतरी, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यानं खंडेरावांना पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

“दाजी, वळखलं का? वाळू. वाळू गांगुर्डे, वणीचा. तुमच्या लग्नाची शूटिंग मीच केली व्हती. मैनाताईंचं कळलं. लय वाईट झालं. तिसऱ्या दिवशी तरी जावं म्हनलं.”

“अहो वाळूभाऊ, ती जिवंत आहे,” खंडेराव म्हणाले. हे वाक्य दोन दिवसांत त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की ते जरा कंटाळल्यासारखंच बाहेर पडलं.

वाळू मटकन सोफ्यावर बसला. मग हसला, मग त्यानं डोळे पुसले, मग पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर मांडीवरच्या पिशवीकडे बघत म्हणाला, “मंग ही परत नेऊ काय? ताई गेल्या म्हनून आनली व्हती. घरच्यांपाशी असावी म्हनलं.”

पिशवीत एक कॅसेट होती. पांढऱ्या कागदावर निळ्या शाईत लिहिलेलं: ‘विधाते, मखमलाबाद. मूळ.’

“मिक्सिंगच्या आधीची हाय. क्यामेऱ्यातली,” वाळू म्हणाला. “हिच्यावर गाणं नाय.”

खंडेराव उठून उभे राहिले. दुसऱ्या फायलीला लागलेला कागद! त्यांनी पहिलं काय केलं असेल तर दार उघडून पॅसेजमध्ये जाऊन योगिनीला हाक मारली. मग भिमाजींना, मग मखमलाबादला फोन करून सिंधुबाईला. दोन दिवस जे लोक हसत होते त्यांच्यासमोर सोक्षमोक्ष लागायला हवा होता. गोणपाटात वाळूचा जुना व्हीसीआर होता, कॅसेट लावायची सोय इथे नसणार म्हणून आणलेला. नव्या टीव्हीला त्याची वायर लागेना, म्हणून भिमाजींच्या माळ्यावरचा डबा टीव्ही दोघांनी जिन्यातून वर चढवला. अकरा वाजता रिक्षातून सिंधुबाई उतरली. उकाडा मरणाचा होता. टेबलफॅन सगळ्यांच्या दिशेनं मान फिरवत होता.

वाळूनं कॅसेट आत सरकवली. पडद्यावर मुंग्या आल्या, पट्टे आले, आणि मग मखमलाबादचा मळा आला. ना बदाम, ना गुलाब, ना झेरॉक्सची पट्टी. मॅटाडोर उभी होती. लांब कुठेतरी बँडवाले वाद्यं आवरत होते, आणि वाजत काहीच नव्हतं. एवढी शांतता की कुणाच्या तरी पैंजणाचा आवाज आला. बँड फाट्यावरच थांबला होता हे मैनाचं म्हणणं खरं निघालं.

सिंधुबाई, तीस वर्षांनी लहान, दारात हात आडवे करून उभी. “नाव घ्या, मगच आत.” आणि उंबऱ्यावर मैना. बावीस वर्षांची, कपाळावर मुंडावळ्या, अंगभर हळद. किती लहान होती ही! तिनं मान वर केली, बाजूला कुणाला तरी डोळ्यांनी शोधलं, आणि तिचा आवाज आला. तोच आवाज, फक्त नवा.

“शेवंतीच्या वाफ्याला पाटाचं पाणी…”

“अरे, फॅन कुठंय फॅन?” टीव्हीतून दणकून आवाज आला. “टेबलफॅन उतरवला का रे? निळ्या पात्यांचा! वणीलाच राहिला की काय? ए, मागं बघ! गादीखाली बघ!”

पुढचं काही ऐकू आलं नाही. मैनाचे ओठ हलत होते. “फॅन! अरे फॅन!” कॅमेरा जरासा वळला. फेटा बांधलेला नवरदेव पाठमोरा, अर्धा मॅटाडोरमध्ये वाकलेला. कॅमेरा परत उंबऱ्यावर आला तेव्हा मैनाचं नाव घेऊन झालं होतं. बायका हसत होत्या. ती त्या पाठीकडे बघत होती. “सापडला!” असा आनंदाचा आवाज आला, तशी तिनं खाली बघितलं आणि पायानं हळूच माप लवंडलं.

टेबलफॅन डावीकडून उजवीकडे गेला, उजवीकडून डावीकडे आला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. भिमाजी टोपी चाचपत बसले.

“म्हणून तू गाणं टाकलंस होय रे,” सिंधुबाई वाळूला म्हणाली.

“मी कशाला टाकतोय, आक्का?” वाळू म्हणाला. “मी तर दारातलं तसंच ठेवनार व्हतो. नाव कुनी पुसतं का? पहिल्या आषाढात मैनाताई माह्यारी आल्या, तव्हा दुकानात बसून त्यांनी ही बघितली. म्हनल्या, वाळूदादा, एवढ्यावर एक चांगलं गाणं टाक. सासरी सगळे बघतील, त्यांचं हसं होईल.” त्यानं व्हीसीआरवरून हात फिरवला. “मी म्हनलं, ताई, तुमचं नाव जाईल. तर म्हनल्या, जाऊ दे, मला येतंय ते.”

खंडेरावांनी कुणाकडे पाहिलं नाही. तीस वर्षं ते ज्या गाण्याला शिव्या देत आले ते त्यांच्यावरच पांघरूण घालायला टाकलेलं होतं. आणि जिनं टाकायला सांगितलं तिनं “लक्ष नव्हतं” यापलीकडे एक शब्द कधी काढला नव्हता. त्यांना रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, आणि पाहुण्यांसमोर दोन्हीची चोरी होती. “चहा ठेवतो,” म्हणून ते आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले. योगिनीनं उठून चहा केला.

संध्याकाळी सातला ते एकटेच होते. त्यांनी आधी उठून टेबलफॅन बंद केला, प्लगसुद्धा काढला, आणि मग फोन लावला. घामाची धार कानामागून वाहत होती. पडद्यावर मैनाबाई आल्या, खिडकीतल्या सकाळच्या उन्हात.

“तीस झाली की आज,” त्या म्हणाल्या. मग कान देऊन ऐकलं. “फॅन बंद आहे?”

“हो.”

“कसं काय?”

“मैना, लक्ष नव्हतं माझं.”

पलीकडे रुद्रनं त्यांचा पदर मुठीत धरला होता. मैनाबाईंनी त्याच्या मुठीतून तो सोडवला.

“वाळूदादा येऊन गेला वाटतं,” त्या म्हणाल्या.

“पाटाच्या पाण्यापर्यंत ऐकू आलं. पुढचं माझंच ऐकू आलं.” खंडेराव फोनच्या जवळ सरकले. “घे ना आता. ऐकतोय मी. दुसरं काही करत नाहीये.”

“इथून नाही हो. ते दारातलं नाव आहे. दुसऱ्याच्या घरात बसून फोनवर कसं घ्यायचं?” मग हळूच म्हणाल्या, “मलाही यावंसं वाटतंय. अठरा जुलैला सकाळी पोचायचं तिकीट आहे.”

“फार लांब आहे गं अठरा जुलै.”

एवढं साधं वाक्य, पण जानेवारीपासून त्यांनी ते सिलिंडरच्या मागे दडवून ठेवलं होतं. मैनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच आवाज चढवून म्हणाल्या, “बाथरूमचा दिवा चालू आहे का बघा आधी.”

तो चालू होता. खंडेरावांनी जाऊन तो बंद केला, फोनवरून निरोप घेतला, आणि अंधारत्या खोलीत घामेजून थोडा वेळ बसून राहिले. मग त्यांनी मखमलाबादचा नंबर लावला.

“ताई,” ते म्हणाले, “अठरा जुलैला सकाळी मोकळी आहेस का? दार अडवायचंय.”